लुगडे, गोल साडी आणि चित्राचा काळ

पॅरिसमध्ये १७७८ पासून 'गॅलरी दे मोद'ची वेषचित्रे छापली जाऊ लागली आणि १७८५ मध्ये 'काबिने दे मोद' हे पाक्षिक निघाले, तेव्हा वस्त्राचे काळाशी असलेले नाते पालटले. दरबारी व्यक्तिचित्रात वस्त्र घराण्याचे व पदाचे चिन्ह असे. हाताने रंगविलेल्या या छापील चित्रांत ते पंधरवड्याचे चिन्ह झाले.

मराठी मुलुखात असा पालट पाहायचा, तर औंध संस्थानाकडे वळावे लागते. आज सातारा जिल्ह्यात असलेले औंध आणि सांगली जिल्ह्यात गेलेली किर्लोस्करवाडी ही दोन्ही स्थळे तेव्हा याच संस्थानात होती. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभारलेल्या औंधच्या संग्रहालयात राजा रविवर्म्याची चित्रे आहेत. रविवर्म्याने पुराणनायिकांना अनेकदा महाराष्ट्रीय लुगडे नेसविले. परिणामी एका प्रदेशाचा वेष पुराणाइतकाच कालातीत भासू लागला.

किर्लोस्करवाडीहून निघणाऱ्या 'किर्लोस्कर' (१९२०) आणि 'स्त्री' (१९३०) या मासिकांनी नेमके उलट केले. संपादक शंकरराव किर्लोस्कर स्वतः चित्रकार होते. मुखपृष्ठावरची गोल साडीतली तरुणी कोणत्याही आख्यानातली नव्हती. ती त्या वर्षाची होती. वस्त्राला पुन्हा तारीख मिळाली.

रोलाँ बार्थ यांनी १९६७ मध्ये चित्रित वस्त्र आणि लिखित वस्त्र असा भेद केला. तो येथे उपयोगी पडतो. पॅरिसच्या वेषचित्राखालचा मजकूर कापड व कलाकुसर सांगत खरेदीकडे नेई. 'स्त्री'च्या चित्रामागचा मजकूर शिक्षणाची आणि विवाहाची चर्चा करी. त्यामुळे साडी हाच एक युक्तिवाद झाला.

या युक्तिवादाने एक गोष्ट मात्र झाकली. कासोट्याचे लुगडे पावलाला मोकळीक देते; गोल साडी पाऊल आखडते. नव्या वेषाला लाभलेला मुक्ततेचा अर्थ शरीराच्या अनुभवातून आलेला नव्हता, तो चित्राने दिला होता. शेतात राबणाऱ्या स्त्रीने कासोटा सोडला नाही, कारण तिच्या कामाला तोच सोयीचा होता; मुखपृष्ठाच्या व्यवस्थेत मात्र ती 'जुनी' ठरली.

फ्रान्समध्ये १७८९ नंतर श्रमिकांची लांब विजार राजकीय चिन्ह बनली आणि तिने दरबारी वेषाला आव्हान दिले. श्रमाच्या लुगड्याला मराठीत असा अर्थ लाभला नाही. आज शिवलेली नऊवारी लग्नात आणि पाडव्याच्या शोभायात्रेत मिरवते. रविवर्म्याने दिलेली कालातीतता तिला परत मिळाली आहे. कष्टाची खूण तेवढी तिच्यातून गळाली आहे.