अहमदनगरचा विजेता व इंग्लंडचा मुख्य प्रधान

अहमदनगरचा (हल्लींचें अहिल्यानगर) भुईकोट किल्ला इंग्रजांनीं शके १७२५ त, म्हणजे इ. स. १८०३ च्या आगस्ट महिन्यांत, दौलतराव शिंद्यांपासून घेतला, हें इतिहासाच्या वाचकांस परिचित आहे. तो घेणारा जनरल आर्थर वेलस्ली हाच पुढें ड्यूक ऑफ वेलिंग्टन होऊन १८२८ त इंग्लंडचा मुख्य प्रधान झाला, हेंही ठाऊक आहे. परंतु या दोन गोष्टी एकत्र ठेवून पाहण्याचा यत्न क्वचितच होतो. नगरच्या छावणींत जी राजनीति दिसते तीच पुढें पार्लमेंटांत दिसते, असें प्रस्तुत लेखांत दाखवावयाचें आहे.

आर्थर हा अर्ल ऑफ मॉर्निंग्टन या आयर्लंडांतील उमरावाचा मुलगा, जन्म १७६९. विशींतच तो आयरिश पार्लमेंटाचा सभासद झाला. १७९७ त तो हिंदुस्थानांत आला व पुढच्याच वर्षीं त्याचा वडील बंधु रिचर्ड गव्हर्नर-जनरल होऊन आला. घराण्याचा हा वशिला त्याच्या उत्कर्षास कारण झाला, यांत संशय नाहीं. तथापि वशिल्यानें मिळालेलें काम त्यानें अंगच्या गुणांनीं निभावलें, हेंही मान्य केलें पाहिजे.

वसईच्या तहान्वये बाजीराव मे १८०३ त पुण्यास परत आला. शिंद्यांशीं बोलणें फिसकटतांच वाळकीच्या तळावरून निघून वेलस्लीनें ८ आगस्ट रोजीं नगरच्या पेठेवर हल्ला केला. पेठेच्या तटास आंतून उभें राहावयास जागा नव्हती; त्यामुळें शिड्यांनीं वर चढलेल्या शिपायांची मोठी हानि झाली. आंतील अरबांनीं घराघरांतून निकरानें झुंज दिली. पेठ पडल्यावर १० तारखेस किल्ल्यावर तोफा सुरू झाल्या. ११ तारखेस किल्लेदारानें बोलणें लावलें आणि १२ तारखेस सुमारें १४०० लोक किल्ला सोडून बाहेर पडले. खासगी मालमत्ता नेण्याची मुभा त्यांस मिळाली. ही सवलत औदार्याची नव्हे, हिशेबाची होती. वेलस्लीस पुढें गोदावरी ओलांडावयाची होती. पाठीमागें रसदेचें ठाणें हवें होतें, व तें मोडून न पडतां हातीं येणें अगत्याचें होतें.

किल्ला घेतल्यावर मुलखाच्या वसुलाचें काम त्यानें कॅप्टन ग्रॅहमकडे सोंपविलें. अवर्षण व फौजांची धामधूम यांमुळें १८०३-०४ त नगर प्रांतांत घोर दुष्काळ पडला. तेव्हां धडधाकट माणसांस सरकारी कामावर लावून मोबदला धान्यरूपानें द्यावा, फुकट वांटप करूं नये, असें वेलस्लीचें धोरण होतें. सुर्जी-अंजनगांवच्या तहानें (३० डिसेंबर १८०३) शिंद्यांनीं नगरवरील हक्क सोडला, आणि कंपनीनें तो किल्ला स्वतःकडे न ठेवतां पेशव्यांस दिला. मात्र पुण्यास तैनाती फौज कायम होती. किल्ला दिला, सत्ता दिली नाहीं. १८१७ च्या पुणें येथील तहानें किल्लाही परत घेतला गेला.

आतां इंग्लंडांतील कारकीर्द पाहूं. वाटर्लूच्या विजयानंतर १८१८ त वेलिंग्टन लिव्हरपूलच्या मंत्रिमंडळांत शिरला. जानेवारी १८२८ त तो टोरी, म्हणजे ज्यास पुढें आपल्याकडे हुजूर पक्ष म्हणूं लागले त्या पक्षाचा, मुख्य प्रधान झाला. कॅथलिकांस पार्लमेंटांत बसूं देण्यास तो अनुकूल नव्हता. पण नकार दिल्यास आयर्लंडांत यादवी माजेल असें दिसतांच १८२९ त त्यानें स्वतःच तो कायदा पास करविला. त्यापायीं स्वपक्षीय उमराव लॉर्ड विंचिल्सी याच्याशीं त्यास द्वंद्वयुद्धही करावें लागलें. उलट नोव्हेंबर १८३० त मतदानपद्धतींत सुधारणेची मुळींच गरज नाहीं असें त्यानें सांगितलें आणि थोड्याच दिवसांत त्याचें मंत्रिमंडळ कोसळलें. सुधारणेचा कायदा १८३२ त झालाच. १८३४ त पील इटलींतून परत येईपर्यंत बहुतेक सर्व खातीं त्यानें एकट्यानें सांभाळलीं. १८४६ त धान्यावरील जकातीचा कायदा रद्द करणें त्यास मनापासून पसंत नव्हतें. तरी राज्यकारभार अडूं नये म्हणून उमरावसभेंत त्यास त्यानेंच वाट करून दिली. १४ सप्टेंबर १८५२ रोजीं तो वारला.

नगरचा किल्लेदार, पेशवे, आयर्लंडचे कॅथलिक, धान्यावरील जकात, या चारही ठिकाणीं एकच सूत्र दिसतें. मुख्य ठाणें टिकत असेल तर बाहेरची जागा वेळीं सोडावी. १८३० त बाहेरची जागा कोणती व मुख्य ठाणें कोणतें याचा त्याचा अंदाज चुकला, म्हणून तो पडला. त्यास दयाळू विजेता म्हणणें किंवा निव्वळ हट्टी पुराणमतवादी ठरविणें, हे दोन्ही निर्णय एकांगी होत.

हा विचार मुख्यतः कर्नल गरवुड यानें १८३४ पासून छापलेल्या वेलिंग्टनच्या पत्रव्यवहारावर उभा आहे, व तो एका पक्षाचा पुरावा आहे. किल्लेदाराशीं झालेले करार, पेठेंतील सावकारांच्या वह्या, दुष्काळांतील गांवांचे जमाखर्च, असे कागद नगर, श्रीगोंदें व पारनेर या बाजूच्या दप्तरांत आढळल्यास संग्राहकांनीं ते अवश्य प्रसिद्ध करावे. सवलत देणाऱ्याचें म्हणणें छापून निघालें आहे. ती ज्यांच्या वांट्यास आली त्यांचेंही म्हणणें छापलें जाईल, तेव्हांच या राजनीतीची खरी किंमत ठरेल.