लंडनचा मेघ आणि इंदूरचे कान

गाण्यावरून होणारे वाद इंदूरच्या मराठी घरांना नवे नाहीत. राजवाड्याच्या आसपासच्या वाड्यांतून, रामबागेतल्या ओसऱ्यांवरून आणि गणेशोत्सवातील बैठका आटोपल्यावर घरी परतताना आमच्या वडीलधाऱ्यांनी हे वाद मनसोक्त घातले. ज्या गावाने नानासाहेब पानशांचा पखवाज आणि जहांगीर खाँसाहेबांचा तबला ऐकला, ज्या गावाच्या नावाने उस्ताद अमीर खाँसाहेबांची गायकी ओळखली जाते, त्या गावाच्या कानांना स्वतःची मते असणे स्वाभाविकच होय. प्रस्तुत लेखाचा विषयही एक मतभेदच आहे. मात्र तो ज्या ध्वनिमुद्रिकेविषयी आहे ती इंदुरात वा मुंबईत नव्हे, तर लंडनमध्ये तयार झाली. तिचे प्रमुख वाद्य सॅक्सोफोन आहे आणि तरीही तिच्यात मेघ व गौडसारंग हे आपले दोन राग आहेत.

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी आम्ही पाचसहा स्नेही एकत्र जमून ही मुद्रिका लागोपाठ दोनदा ऐकली. पहिल्या श्रवणानंतर कोणी फारसे बोलले नाही. दुसऱ्या श्रवणानंतर मात्र चहा निवून गेला तरी बोलणे संपेना. त्या दिवशी जे ऐकले आणि जे बोलले गेले, त्याची संगती लावण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम मुद्रिकेचा इतिहास. 'इंडो-जॅझ सूट' या नावाने ती 1966 साली प्रसिद्ध झाली. तिच्यामागे दोन व्यक्ती होत्या. जो हॅरियट हा जमैका बेटावरील किंग्स्टनचा, 1928 साली जन्मलेला. तेथील एका अनाथ मुलांच्या शाळेत तो वाद्य शिकला आणि 1951 मध्ये इंग्लंडला आला. दुसरा जॉन मेयर, कलकत्त्याचा. 1952 मध्ये शिष्यवृत्ती मिळवून तो लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये दाखल झाला आणि पुढे कित्येक वर्षे तेथील मोठ्या वाद्यवृंदांतून व्हायोलिन वाजवीत राहिला. दोघेही इंग्लंडात बाहेरून येऊन स्थिरावलेले होते, ही गोष्ट पुढच्या विवेचनासाठी ध्यानात ठेवावी.

दोघांनी मिळून दहा वादकांचा मेळ जमविला आणि त्यास दुहेरी पंचक म्हटले. एका पंचकात हॅरियटचा सॅक्सोफोन, ट्रम्पेट, पियानो, बास आणि ड्रम्स होते. दुसऱ्यात मेयरचे व्हायोलिन व हार्प्सिकॉर्ड, बासरी, सतार, तंबोरा आणि तबला. सतारीवर दिवाण मोतीहार, तंबोऱ्यावर चंद्रहास पैंगणकर आणि तबल्यावर मुंबईचे केशव साठे. पुढे 1967 साली युरोपातील जॅझ वादकांबरोबर झालेल्या 'जॅझ मीट्स इंडिया' या मुद्रिकेतही साठ्यांचाच तबला आहे, आणि त्यानंतरच्या दशकात जॉन रेनबोर्न या इंग्रज गिटारवादकाच्या लोकसंगीताच्या मेळातही तोच आहे. परदेशात आपले वाद्य घेऊन राहिलेल्या या कलावंताचे नाव आपल्याकडे फारसे कोणी घेत नाही, ही खंत येथेच नोंदवून ठेवतो.

आता सॅक्सोफोनविषयी. अडॉल्फ साक्स या बेल्जियन कारागिराने 1846 मध्ये पॅरिस येथे या वाद्याचे एकस्व घेतले. आमच्या घरोघरी असलेली पेटीही त्याच शतकात आणि त्याच शहरातून निघालेली. पेटी परकी म्हणून आकाशवाणीने 1940 पासून 1971 पर्यंत तिला दूर ठेवले होते. तेवढ्या काळात आमच्या नाट्यसंगीताने, भजनाने आणि बैठकीने मात्र तिला अगदी घरची करून टाकले. पेटीविरुद्धचा मुख्य आक्षेप असा, की तिच्यावर मींड निघत नाही. एका स्वरावरून दुसऱ्यावर उडी मारावी लागते, मधली वाट मिळत नाही. सॅक्सोफोनचे तसे नाही. त्याला चाव्या असल्या तरी ओठांच्या दाबाने आणि श्वासाने स्वर वाकविता येतो. म्हणजे परकेपणा हाच निकष धरला तर दोन्ही वाद्ये सारखीच दोषी, आणि मींड हा निकष धरला तर सॅक्सोफोन पेटीपेक्षा एक पाऊल पुढे. निकष बदलला की निकाल कसा बदलतो, याचे हे लहानसे उदाहरण.

आमच्या बैठकीतील पहिले मत एका वयोवृद्ध पेटीवादक गृहस्थांचे होते. ते म्हणाले, "हा मेघ नव्हे." कारणेही त्यांनी नेमकी दिली. मेघात गांधार-धैवत वर्ज्य करून सा, रे, म, प आणि कोमल निषाद घेतले की मेघ झाला, असे नाही. मध्यमाचा स्पर्श घेऊन डोलणारा रिषभ आणि मध्यमावरून रिषभावर उतरणारी मींड हा मेघाचा जीव, आणि तोच त्यांना कोठे सापडला नाही. गौडसारंगाविषयी ते अधिकच कडक होते. त्या रागाचे अस्तित्वच मुळी त्याच्या वक्र चालीत आहे. 'ग रे म ग' ही वळणे काढून नुसते स्वर ओळीने मांडले, तर तेथे बिलावल, केदार, हमीर यांपैकी कोणीही येऊन बसेल. स्वरांची यादी म्हणजे राग नव्हे, हे त्यांचे म्हणणे खोडून काढणे सोपे नाही.

दुसरे मत संगीत शिकविणाऱ्या एका बाईंचे. त्यांच्या मते हे माप लावणेच चुकीचे. मेयरने रागविस्तार करण्याचे वचन दिलेलेच नाही. त्याने रागाचे स्वर घेऊन स्वतःची रचना लिहिली, तेव्हा तिला रचना म्हणूनच ऐकावे. मात्र त्यांचा आक्षेप निराळा आणि आम्हांस अधिक मार्मिक वाटला. उपज हा ज्यांच्या कलेचा प्राण, त्या सतार-तबल्याच्या वाट्याला येथे बहुतांशी ठरवून दिलेल्या जागा आल्या, आणि मोकळेपणाने बोलण्याचा हक्क मुख्यतः सॅक्सोफोन-ट्रम्पेटकडे गेला. "साठ्यांना एकदा तरी पोटभर वाजवू द्यायचे होते," असे त्या म्हणाल्या तेव्हा सगळेच क्षणभर गप्प झाले.

तिसरे मत घरातल्या नातवाचे, विशी ओलांडलेल्या मुलाचे. त्याला मेघाचे सोयरसुतक नव्हते, पण जॅझ त्याने पुष्कळ ऐकलेले. त्याच्या मते ही मुद्रिका फार जपून पावले टाकते. त्याने जॉन कोल्ट्रेन या अमेरिकन सॅक्सोफोनवादकाचा दाखला दिला. कोल्ट्रेन पंडित रविशंकरांचे वादन आवडीने ऐके आणि 1961 च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्डमध्ये त्याने 'इंडिया' नावाची रचना वाजविली. तीत ना सतार, ना तबला, तरी एका आधारस्वराभोवती घोळत राहण्याची आपली रीत त्याने आत्मसात केलेली दिसते. गंमत अशी, की त्याच महिन्यात 'डाउनबीट' या अमेरिकेतील प्रतिष्ठित नियतकालिकातील एका समीक्षकाने कोल्ट्रेनच्या नव्या वादनास 'जॅझविरोधी' ठरविले होते. पुढच्याच वर्षी त्याच नियतकालिकाने कोल्ट्रेनला आणि त्याचा सहकारी एरिक डॉल्फी याला उत्तर देण्यास जागा दिली. आज त्याच वादनाला जॅझच्या इतिहासात मानाचे स्थान आहे.

हे ऐकत असताना आम्हांस आपल्या घरातील जुने शब्द आठवू लागले. अमीर खाँसाहेबांविषयी इंदुरातच काय थोडे बोलले गेले? सारंगिये शहामीर खाँ यांचे हे चिरंजीव येथल्या बंबई बाजारात वाढले. त्यांनी चौदा मात्रांच्या झुमऱ्यात अतिविलंबित लय धरली, मेरुखंडाच्या अंगाने स्वरांची एकेक मांडणी उलगडली, ख्यालात पुष्कळदा अंतरा गायलाच नाही, आणि मैफलीत ठुमरीला फाटा दिला. जवळच देवासला रजब अली खाँसाहेबांची विजेसारखी तान ऐकून तयार झालेल्या कानांना हे सारे पचणे कठीण होते. "लय झोपली," असे म्हणणारे होते, तसेच "लय आता कोठे दिसू लागली," असे म्हणणारेही होते. खाँसाहेबांच्या मारवा-दरबारीच्या आणि पुढे ललित-मेघाच्या मुद्रिका आल्या, तेव्हा हेच दोन पक्ष तबकडीभोवती बसले. आज खाँसाहेबांना आपण सगळेच एकमुखाने थोर म्हणतो. पण त्या एकमुखात, पूर्वीच्या मतभेदात जेवढे ऐकणे होते तेवढे उरले आहे काय, याची आम्हांस शंका वाटते.

कुमार गंधर्वांची कथा याहून बोलकी. क्षयाच्या आजाराने 1948 साली ते देवासला आले. काही वर्षे गाणे बंद होते. त्या काळात माळव्यातील बायकांची, भजन्यांची लोकगीते त्यांच्या कानांवर पडत राहिली. बरे होऊन ते गाऊ लागले तेव्हा त्यांचे गाणे निराळे झाले होते. 1965 मध्ये 'अनूपरागविलास' प्रसिद्ध झाले आणि नवे राग करण्याचा यांना अधिकार काय, असा प्रश्न विचारला गेला. त्यांनी 'मला उमजलेले बालगंधर्व' मांडले, तेव्हा ज्यांच्या घरात नारायणरावांच्या तबकड्या देवासारख्या जपल्या होत्या, ती मंडळी दुखावली.

येथे एक साम्य सांगितल्यावाचून राहवत नाही. जो हॅरियटलाही 1950 च्या दशकाच्या अखेरीस फुप्फुसाच्या आजाराने रुग्णालयात दीर्घकाळ पडून राहावे लागले. त्या सक्तीच्या विश्रांतीत त्याने आपल्या वादनाचा नव्याने विचार केला आणि बाहेर आल्यावर ठरीव चौकट सोडून मुक्त वादनाचा मार्ग धरला. श्वास हेच ज्यांचे भांडवल, त्या दोघांना श्वासानेच अडविले आणि दोघेही निराळेच गाणे घेऊन परतले. देवास आणि लंडन यांच्यात याहून अधिक नाते जोडण्याचा आमचा हेतू नाही.

आता त्या दिवशीच्या चौथ्या मताकडे येतो. दूर खुर्चीवर बसलेल्या एका स्नेह्याने दोन्ही वेळा ऐकून एकच शब्द उच्चारला, "भेसळ." कारण विचारले तर म्हणाले, "कारण कशाला पाहिजे? ऐकूच येते आहे."

आमचा सारा लेख या एका शब्दासाठी आहे. आपण कोण? अठराव्या शतकात मल्हारराव होळकरांच्या मागून माळव्यात उतरलेल्यांचे, आणि 1818 साली इंदूर राजधानी झाल्यावर कारकुनी, वैद्यकी, शिक्षकी करीत येथे स्थिरावलेल्यांचे वंशज. आपल्या बोलण्यात हिंदी केव्हा मिसळली हे आपल्यालाही सांगता येत नाही. आपल्या पोह्यांवर माळव्याची शेव पडली आणि शेजारी जिलबी येऊन बसली. पुण्याला गेलो की आपली मराठी ऐकून पाहुणे मंडळी गालात हसतात, आणि येथे मात्र अजूनही आपण 'महाराष्ट्रीयन'च. भेसळ हा शब्द आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या ऐकविला गेला आहे. तो ऐकविणाऱ्याने आपले वाक्य कधी नीट ऐकलेले नसते, हेही आपण अनुभवाने जाणतो. मग तोच शब्द आपण दुसऱ्याच्या गळ्यात किती सहज अडकवावा?

याचा अर्थ ही मुद्रिका श्रेष्ठ आहे असे नव्हे. आम्ही स्वतः बाईंच्या मताकडे झुकतो. दहा वादकांत खरा संवाद थोडाच वेळ घडतो, एरवी दोन पंचके शेजारी शेजारी बसलेली वाटतात. पेटीवादकांचा आक्षेप खरा आहे आणि नातवाचाही खरा आहे. पण या तिघांनी काय ऐकले आणि काय ऐकू आले नाही ते सांगितले. त्यामुळे दुसऱ्या श्रवणात आम्हांस रिषभ शोधता आला, तबला वेगळा काढता आला, हॅरियटच्या सुराची धार कळली. चौथ्या मताने आमच्या कानात काहीच घातले नाही. मतभेद आणि तिरस्कार यांच्यात आम्हांस दिसणारा फरक एवढाच, की मतभेदानंतर पुन्हा ऐकावेसे वाटते.

इतिहासाचा निकाल म्हणाल, तर तो एकाच बाजूने लागलेला नाही. या जोडीच्या आणखी दोन मुद्रिका 1967 व 1968 मध्ये निघाल्या. त्यांतील 'अक्का राग' ही रचना बीबीसीवरील एका कौटुंबिक प्रश्नमंजूषेची सुरावट झाली. हॅरियट 1973 च्या जानेवारीत वारला, अवघ्या चव्वेचाळिसाव्या वर्षी. मेयर 2004 पर्यंत जगला. मुंबईत 1978 पासून जॅझ यात्रा भरू लागली आणि गोव्याचे ब्राझ गोन्साल्विस यांच्या सॅक्सोफोनातून राग ऐकू आले. दक्षिणेत कद्री गोपालनाथ यांनी वाद्याची रचनाच बदलून त्यावर गमक आणले आणि 1994 मध्ये लंडनच्या बीबीसी प्रॉम्समध्ये ते वाजविले. 2008 साली त्यांनी अमेरिकेतील रुद्रेश महंतप्पा यांच्याबरोबर 'किन्समेन' ही मुद्रिका केली. मेयर-हॅरियट यांनी जे अर्धवट सोडले, त्यातील बरेच तेथे पुरे झाले असे आम्हांस वाटते. इतरांस तसे वाटणार नाही, आणि ते योग्यच आहे.

शेवटी एक विनंती. आपल्या घरांतील जुन्या तबकड्या आता माळ्यावर आहेत किंवा भंगारात गेल्या आहेत. त्यांतील आवाज कोठे ना कोठे जपला जाईलच. पण त्या तबकड्यांवर आपले आजोबा काय बोलले, आजीने कोणती बाजू पुन्हा लावायला सांगितली, काका कोणत्या जागेवर उठून गेले आणि का, हे कोणीही जपणार नाही. ज्यांना आठवत असेल त्यांनी ते कारणांसह लिहून ठेवावे. आमचे ते चौथे स्नेही येत्या पावसाळ्यात पुन्हा येणार आहेत. मुद्रिका तीच लावू. या वेळी त्यांना कारण विचारल्यावाचून चहा द्यायचा नाही, असे ठरले आहे.