पुन्हा जुळलेले बँड आणि भुसावळचा श्रोता

रॉक बँड फुटणे ही त्या संगीतातली नेहमीची गोष्ट आहे. फुटलेला बँड दहा-वीस वर्षांनी पुन्हा जुळतो आणि त्याला ऐकायला चाळिशी-पन्नाशी ओलांडलेले चाहते मैदानात जमतात, हा प्रघात मात्र मुख्यतः १९९० नंतर रूढ झाला. अमेरिकेतला ‘ईगल्स’ १९८० मध्ये थांबला आणि १९९४ मध्ये पुन्हा उभा राहिला. डिसेंबर २००७ मध्ये ‘लेड झेपलिन’चे उरलेले तिघे, दिवंगत ड्रमवादकाच्या मुलाला सोबत घेऊन, लंडनमध्ये एका रात्रीपुरते एकत्र आले, तेव्हा वीसेक हजार जागांसाठी दोन कोटींच्या आसपास अर्ज आल्याचे सांगितले गेले. महाराष्ट्रात या प्रघाताचे ठळक उदाहरण म्हणजे मुंबईचा ‘रॉक मशीन’, म्हणजेच पुढचा ‘इंडस क्रीड’. भुसावळचा या इतिहासातला वाटा श्रोत्याचा आहे, आणि दूरच्या श्रोत्याच्या बाजूने पाहिले की हा इतिहास जरा वेगळा दिसतो.

गिटार, ड्रम आणि जोडीने नाचण्याचे संगीत महाराष्ट्राच्या आतल्या भागात पोचले ते मुख्यतः लष्करी छावण्या, चर्च आणि रेल्वे वसाहती यांच्यामार्फत. भुसावळ हे रेल्वेने घडवलेले गाव. १८६० च्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग येथे आला, एक फाटा नागपूरकडे व दुसरा खंडव्याकडे निघाला, आणि इंजिनांच्या शेडभोवती वसाहत उभी राहिली. इंजिन ड्रायव्हर, गार्ड, फोरमन या जागांवर अँग्लो-इंडियन माणसे मोठ्या संख्येने असत. अशा वसाहतींमध्ये रेल्वे इन्स्टिट्यूट असे. तेथे बिलियर्डचे टेबल, नाचासाठी लाकडी फरशी, नाताळ आणि नववर्षाचे कार्यक्रम हा ठरलेला थाट. वादक पुष्कळदा गोव्याचे, कारण पाश्चात्त्य पद्धतीची स्वरलिपी वाचणारे वादक तेथील चर्चच्या शाळांतून तयार होत. स्वातंत्र्यानंतर अँग्लो-इंडियन कुटुंबे इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडाकडे निघाली आणि देशभरच्या रेल्वे वसाहतींतला हा नाच ओसरला. बँड थोडक्या वर्षांत पांगले.

बाकीच्या गावाला या संगीताची ओळख झाली ती सिनेमागृहात. १९६५ च्या ‘गुमनाम’मध्ये ‘टेड लायन्स अँड हिज कब्स’ हा मुंबईचा बँड पडद्यावर दिसला; आवाज अर्थात मोहम्मद रफींचा. १९७३ च्या ‘यादों की बारात’मध्ये ताटातूट झालेले तीन भाऊ एका गाण्याने एकमेकांना ओळखतात, आणि त्यांपैकी एक हॉटेलात गिटार घेऊन गाणारा असतो. राहुलदेव बर्मन यांच्या संगीतामुळे इलेक्ट्रिक गिटार हे वाद्य लग्नाच्या वरातीतल्या बँडपर्यंत ओळखीचे झाले. मूळ इंग्रजी गाणी मात्र रेडिओवर शोधावी लागत. बीबीसीच्या वर्ल्ड सर्व्हिसवरचा ‘अ जॉली गुड शो’ लघुलहरींवर लागे, खरखरीतून वर येई आणि मध्येच बुडे.

१९८० च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली. नव्वद मिनिटांची कोरी कॅसेट घेतली की एका बाजूला एक अख्खा अल्बम मावे आणि दुसऱ्या बाजूला दुसरा. एका मूळ कॅसेटवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी अशा नकला होत, आणि दर नकलेत झांजेचा खणखणाट थोडा कमी होत जाई. बँडचे चेहरे कव्हरवर दिसतील तेवढेच, आणि नक्कल केलेल्या कॅसेटला कव्हरही नसे. १९९१ नंतर उपग्रह वाहिन्यांबरोबर एमटीव्ही आले आणि केबलवाल्याच्या कृपेने गिटार धरणारे हात पहिल्यांदा नीट दिसले. तरी प्रत्यक्ष कार्यक्रमासाठी मुंबईच गाठावी लागे.

मुंबईतले ठिकाण होते रंगभवन. धोबी तलावाजवळ, सेंट झेवियर्स कॉलेजच्या शेजारचे हे खुले नाट्यगृह. १९७८ पासून तेथे ‘जॅझ यात्रा’ भरली. मार्च १९८० मध्ये ‘पोलिस’ हा इंग्लंडचा बँड तेथे वाजवून गेला. हाच बँड पुढे १९८० च्या दशकात विखुरला आणि २००७ मध्ये जगाच्या दौऱ्यासाठी पुन्हा जुळला. तो दौरा भारतात आला नाही. १९८६ मध्ये ‘मिराज’ या बँडचे फरहाद वाडिया यांनी ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा महोत्सव सुरू केला. चाहते त्याला नुसते ‘आय-रॉक’ म्हणत. स्वातंत्र्यदिनाच्या सुमाराला, म्हणजे ऐन ऑगस्टच्या पावसात उघड्यावर भरणारा हा महोत्सव म्हणजे भिजलेले अँप्लिफायर, निसरड्या पायऱ्या आणि काळे टी-शर्ट यांचा मेळा असे.

रेल्वेच्या गावातून येणाऱ्याला रंगभवन सोयीचे होते. भुसावळ ते मुंबई अंतर सुमारे ४४५ किलोमीटर. रात्री गाडीत बसले की सकाळी व्ही.टी., आणि व्ही.टी.पासून रंगभवन पायी दहा-पंधरा मिनिटांवर. रेल्वे कर्मचाऱ्याच्या शिकणाऱ्या मुलाला वडिलांच्या पासवर किंवा पीटीओवर, म्हणजे सवलतीच्या तिकिटावर, प्रवास करता येई, त्यामुळे खर्च कार्यक्रमाच्या तिकिटाचा आणि वडापावचा. अडचण पैशांपेक्षा परवानगीची. जत्रेतल्या तमाशाला रात्रभर बसणे खानदेशात पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. इंग्रजी गाण्यासाठी मुंबईला जाऊन रात्र फलाटावर काढणे घरात समजावून सांगणे अवघड होते. पुष्कळांचे जाणे त्या वयात राहूनच गेले, मग नोकरी लागली, आणि तोवर बँडच फुटला.

‘रॉक मशीन’ची स्थापना १९८४ ची. गिटारवादक महेश टिनाईकर सुरुवातीपासूनचे. गायक उदय बेनेगल नंतर आले. त्या काळी श्रोते परदेशी बँडची गाणी हुबेहूब वाजवण्याची मागणी करत आणि स्वतःचे गाणे काढले की आरडाओरडा होई. अशा श्रोत्यांपुढे या बँडने १९८८ मध्ये ‘रॉक अँड रोल रेनिगेड’ हा स्वतःच्या गाण्यांचा अल्बम आणला. १९९० च्या दुसऱ्या अल्बमचे नाव ‘द सेकंड कमिंग’, म्हणजे दुसरे आगमन. खरे दुसरे आगमन त्यानंतर वीस वर्षांनी झाले, हा योगायोग. ‘प्रिटी चाइल्ड’ या गाण्याच्या चित्रफितीला १९९३ मध्ये एमटीव्हीचा आशियातील प्रेक्षकपसंतीचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी नाव बदलून ‘इंडस क्रीड’ झाले. १९९५ च्या अल्बमवर नवे नाव होते. पण त्याच वर्षी अलिशा चिनॉय यांचा ‘मेड इन इंडिया’ आला आणि कंपन्यांचा पैसा हिंदी पॉपकडे वळला. इंग्रजीत गाणाऱ्या भारतीय बँडला विचारणारे कमी झाले. १९९७ मध्ये ‘इंडस क्रीड’ थांबला. बेनेगल न्यूयॉर्कला गेले.

मागोमाग रंगभवनही गेले. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रुग्णालये, शिक्षणसंस्था आणि न्यायालये यांच्याभोवती १०० मीटरचा शांतता क्षेत्राचा पट्टा ठरवला. त्यात दिवसाची मर्यादा ५० डेसिबल, रात्रीची ४०. रंगभवनाच्या एका अंगाला कॉलेज, आसपास रुग्णालये. २००३ च्या सुमारास तेथले मोठ्या आवाजाचे कार्यक्रम बंद पडले आणि आय-रॉक उपनगरांत हलला. नियम योग्यच होता, रुग्णालयाच्या खिडकीखाली ड्रम वाजू नयेत हे कोणीही मान्य करील. पण व्ही.टी.पासून चालत जाता येईल असे रॉकचे ठिकाण त्यामुळे मुंबईने गमावले.

ऑगस्ट २००८ मध्ये ‘रॉक ऑन!!’ हा हिंदी चित्रपट आला. मुंबईतला एक बँड फुटतो, चौघे नोकरी-धंद्याला लागतात आणि काही वर्षांनी पुन्हा जुळतात, अशी त्याची कथा. चित्रपटाने रॉक हा शब्द घराघरांत नेला. २०१० मध्ये ‘इंडस क्रीड’ खरोखरच जुळला: बेनेगल, टिनाईकर आणि कीबोर्डवादक झुबिन बालापोरिया हे जुने तिघे, बेसवर रुशाद मिस्त्री आणि ड्रमवर जय रो कवी हे नवे दोघे. २०१२ मध्ये त्यांनी ‘इव्हॉल्व’ हा नवा अल्बम काढला. पुन्हा जुळलेले बँड सहसा अशा भानगडीत पडत नाहीत, कारण श्रोत्यांना जुनी गाणी हवी असतात आणि नव्या गाण्याच्या वेळी ते खाण्याच्या स्टॉलकडे वळतात.

बँड पुन्हा का जुळतात, याचे एक उत्तर रोकडे आहे. ध्वनिमुद्रणाची विक्री २००० नंतर कोसळली आणि कमाईचे मुख्य साधन दौरे झाले. जुन्या नावाला जुने श्रोते हमखास मिळतात, आणि तरुणपणी वडापावचा हिशेब करणाऱ्या श्रोत्याच्या हातात आता महाग तिकिटाचे पैसे असतात. दुसरे कारण कमी बोलले जाते: ज्यांनी त्या बँडला कधी पाहिलेच नाही अशांची संख्या पाहिलेल्यांपेक्षा कितीतरी मोठी असते. भुसावळ किंवा धुळ्याचा श्रोता या दुसऱ्या गटातला. त्याची जुनी ओळख कॅसेटवरच्या आवाजाशी आहे, माणसांशी नाही. त्यामुळे ज्याला जग पुनर्भेट म्हणते ती त्याची पहिली भेट असते.

या भेटीत कान फसतो. वयाबरोबर स्वरतंतूंची लवचिकता कमी होते आणि वरच्या सप्तकातले सूर आधी हातचे जातात. म्हणून जुने बँड गाण्याची पट्टी अर्धा किंवा एक स्वर उतरवतात. गिटारच्या तारा सैल केल्या की काम भागते. सगळ्यांत उंच ओळ आली की गायक माइक श्रोत्यांकडे वळवतो. श्रोत्याचे कानही तेच राहिलेले नसतात, वाढत्या वयात बारीक, उंच आवाज आधी ऐकू येईनासे होतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमांसाठी सरासरी १०० डेसिबलची कमाल मर्यादा सुचवली असून श्रोत्यांना कानातले बोळे मिळावेत असेही म्हटले आहे. पंचविशीत त्या बोळ्यांना कोणी हात लावत नाही. पन्नाशीत खिशात असतात.

अमेरिकेच्या ‘गन्स एन’ रोझेस’ने बँडचे फुटणे आणि पुन्हा जुळणे या दोन्ही गोष्टी मुंबईला दाखवल्या. १९८५ मध्ये स्थापन झालेल्या या बँडमधून गिटारवादक स्लॅश १९९६ मध्ये आणि बेसवादक डफ मॅककेगन १९९७ मध्ये बाहेर पडले. डिसेंबर २०१२ मध्ये हा बँड भारतात आला तेव्हा जुन्या प्रसिद्ध चेहऱ्यांपैकी गायक ॲक्सल रोझ एवढेच ठळक होते, आणि हा तो बँड नव्हेच, असे म्हणणारे चाहते बरेच होते. २०१६ मध्ये दोघे परतले. १७ मे २०२५ रोजी महालक्ष्मी रेसकोर्सवर तिघे एकत्र वाजले. रोझ तेव्हा ६३ वर्षांचे होते. १९८७ मध्ये, त्यांच्या पहिल्या अल्बमच्या वर्षी, पंधरा वर्षांचा असलेला श्रोता त्या दिवशी ५३ वर्षांचा होता.

भुसावळहून रेसकोर्सला जायचे तर दादरला उतरायचे, पूल ओलांडून पश्चिम रेल्वेची धीमी लोकल धरायची आणि तिसरे स्थानक महालक्ष्मी. मे महिन्यात पंचेचाळीस अंश पाहिलेल्या माणसाला मुंबईचे ऊन काहीच नाही. घामाचे मात्र वेगळे. मैदानात बहुतेक जागा उभ्याने ऐकण्याच्या असतात आणि दरवाजे बँडच्या काही तास आधी उघडतात, तेव्हा कस लागतो तो गुडघ्यांचा. खुल्या जागेतला ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद व्हावा असा नियम आहे, सवलत मिळाली तरच पुढे. म्हणून परतीची रात्रीची गाडी धरणारे लोक शेवटचे गाणे संपायच्या आत दरवाजाकडे सरकतात. आय-रॉकही मधल्या खंडानंतर २०२२ मध्ये मुंबईत पुन्हा भरला. तेथेही पहिल्या रांगांत विशीतली मुले होती आणि रंगभवनच्या पायऱ्या आठवणारे मागे, जरा मोकळ्या जागेत उभे राहत होते.