एकोणऐंशी म्हणजे किती?

परवा शनिवारी सकाळी भाच्याला घेऊन खाली वाण्याकडे गेलो होतो. आम्ही राहतो महाळुंग्याला. २०२१ साली गाव पुणे महापालिकेत गेलं, टॉवर तर त्याआधीच उभे राहायला लागले होते, पण कोपऱ्यावरचं किराणा दुकान अजून गावातलंच आहे. भाचा तिसरीत आहे, इंग्रजी माध्यमात. अॅबॅकसच्या क्लासला जातो आणि हवेत बोटं नाचवून तीन आकडी बेरजा करतो. आजी-आजोबा कौतुकाने बघत असतात.

दुकानदारकाका म्हणाले, "एकोणऐंशी झाले." भाच्याच्या हातात शंभराची नोट. तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "मामा, एकोणऐंशी म्हणजे एटी नाईन ना?"

मी हसलो. पण घरी येताना लक्षात आलं की चूक अगदी तर्काला धरून आहे. 'एकोण' असलं की शेवटी नऊ येतो एवढं त्याला माहीत होतं. पुढे ऐंशी ऐकू आलं. ऐंशी आणि नऊ, झाले एकोणनव्वद. यात त्याचं काय चुकलं?

तर मंडळी, या वीकेंडचा विषय : आपले आकडे.

एकवीस लिहिताना आधी २ येतो, बोलताना आधी 'एक'. एकोणतीसमध्ये 'तीस' ऐकू येतं, पण लिहायचा असतो २. तीन हा एकच आकडा घ्या : तेवीस, तेहेतीस, त्रेचाळीस, त्रेसष्ट, त्र्याहत्तर. प्रत्येक ठिकाणी वेगळं रूप. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत 'एकोण'चा नियम पाळायचा आणि नव्याण्णवला तोही मोडायचा! हे कुणी मुद्दाम केलेलं नाही. संस्कृतातलं त्रिषष्टि, एकोनविंशति हजारो वर्षं लोकांच्या तोंडात घोळून झिजलं आणि त्याचं त्रेसष्ट, एकोणीस झालं. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर नियम पुसला गेला आणि शंभर ओळींचा लुकअप टेबल हातात उरला. तो प्रत्येक मुलाने पाठ करायचा.

आता चीनमध्ये बघा. २१ म्हणजे 'एर-शी-यी', शब्दशः दोन-दहा-एक. जपानीत 'नि-जू-इचि', तेच. एक ते दहा हे दहा शब्द आणि एक नियम, की नव्व्याण्णवपर्यंत काम झालं. कोरियाची गंमत आणखी वेगळी आहे. तिथे आकड्यांचे दोन संच आहेत. वस्तू मोजायला, वय सांगायला देशी शब्द आणि गणिताला चिनी वळणाचे. पाढे दुसऱ्या संचात म्हणायचे. म्हणजे जुनं टाकलं नाही, फक्त गणिताच्या कामातून मोकळं केलं.

याने फरक पडतो का? केविन मिलर आणि जेम्स स्टिगलर या मानसशास्त्रज्ञांनी १९८७ मध्ये चिनी आणि अमेरिकन मुलांच्या मोजण्यावर अभ्यास प्रसिद्ध केला. मिलर आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये शाळेत जाण्याआधीच्या वयाची मुलं पुन्हा तपासली. दहापर्यंत दोन्हीकडची मुलं सारखीच. फरक सुरू होतो दहाच्या पुढे, जिथे इंग्रजीत इलेव्हन, ट्वेल्व्ह असे अनियमित शब्द येतात. इंग्रजीत ही भानगड वीसला संपते. आपली शंभरापर्यंत चालते. अर्थात चिनी मुलं गणितात पुढे असण्याला शिक्षक, सराव, घरचा धाक अशी इतरही कारणं आहेत. सगळं श्रेय शब्दांना देऊ नये.

इतिहासात गेलं की आणखी मजा येते. चीनमध्ये बांबूच्या पट्ट्यांवर लिहिलेला, इसवी सनपूर्व ३०५ च्या सुमाराचा गुणाकाराचा तक्ता सापडला आहे. २०१४ मध्ये त्याची बातमी जगभर झाली. त्यात अर्ध्याचाही गुणाकार करता येतो. म्हणजे चक्क निमकी! पण पुढे तिकडे शाळेत टिकला तो नऊ नव्वे एक्याऐंशीपर्यंतचा छोटा पाढा. जपानी त्याला 'कुकु' म्हणतात, म्हणजे नऊ-नऊ, आणि दुसरीत शिकवतात. चीनमध्ये तर पंचेचाळीस ओळींचा पाढाही चालतो, कारण सात आठी आला की आठ साती वेगळा कशाला? त्यापुढचं काम मणी करतात. योशिदा मित्सुयोशीचं 'जिन्कोकी' हे मणिचौकटीवर हिशेब शिकवणारं पुस्तक १६२७ सालचं, आणि पुढे ते घरोघरी गेलं. १८७२ च्या शिक्षण कायद्यानंतर जपानने पाश्चात्त्य लेखी गणित शाळेत आणलं, तरी मणिचौकट गेली नाही. आजही तिथल्या प्राथमिक शाळेत तिची ओळख करून देतात.

आणि आपल्याकडे? पंतोजींच्या शाळेत मणी नव्हते. धूळपाटी होती आणि डोकं होतं. तीसपर्यंतचे पाढे म्हणजे तीनशे ओळी. त्यावर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. (औट म्हणजे साडेतीन, हे मलाही गेल्या वर्षीच कळलं. :) ) संध्याकाळी आजोबांना विचारलं, "आजोबा, सात सवाये?" ते पेपरमधून मान वर न करता म्हणाले, "पावणेनऊ." मी मोबाईलवर १.२५ गुणिले ७ केलं. ८.७५. बरोबर.

हे नुसतं पाठांतराचं वेड नव्हतं. रुपयाचे आणे सोळा, आण्याचे पैसे चार, मणाचे शेर चाळीस. सव्वा रुपया शेर भावाने सात शेर घेतले तर किती, हा रोजचा प्रश्न होता. ज्याला पावकी-सवायकी येत नाही तो बाजारात आणि सावकारापुढे फसणार. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जे निवेदन दिलं, त्यात प्राथमिक शाळेत काय शिकवावं याच्या यादीत मोडी-बालबोध वाचन-लेखनाबरोबर हिशेबही आहे. पंतोजींच्या शाळेचं दार ज्यांना बंद होतं त्यांच्याबद्दल ते बोलत होते. हिशेब न येणं म्हणजे दुसऱ्याने सांगितलेल्या आकड्यावर अंगठा उठवणं.

म्हणजे एकच ओझं, पण ठेवायची जागा वेगळी. चीन-जपानने ते नियमात आणि मण्यांत ठेवलं. आपण सगळं पोराच्या डोक्यात ठेवलं.

मग १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली. रुपयाचे शंभर नये पैसे झाले. १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो-ग्रॅमही आले. पावकी, औटकी ज्या कामासाठी होत्या ते कामच संपलं. त्या अभ्यासातून गेल्या आणि त्यासाठी कोणी मोर्चा काढल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

पण २०१९ च्या जूनमध्ये काय झालं आठवतंय का? बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसबरोबर 'वीस एक', त्रेसष्टबरोबर 'साठ तीन' असंही दिलं होतं. मराठी बुडाली म्हणून गहजब झाला. विधानसभेत मुख्यमंत्र्यांच्या आडनावातल्या 'वीस'वर विनोद झाले. व्हॉट्सअॅपवर तर विचारूच नका. मीही चार फॉरवर्ड केले, कबूल करतो. पुस्तकाच्या समितीच्या अध्यक्ष होत्या गणिताच्या अभ्यासक डॉ. मंगला नारळीकर. २०२३ मध्ये त्या गेल्या. त्या शांतपणे सांगत होत्या की जुने शब्द काढलेले नाहीत, दोन्ही रूपं आहेत, लहान मुलांना जोडाक्षरं आणि उलट क्रम जड जातो, आणि दक्षिणेतल्या चारही भाषा दशक आधीच म्हणतात. ऐकतंय कोण!

असा बदल करणारे आपण पहिले नव्हतो. नॉर्वेत पूर्वी 'एक आणि वीस' म्हणत. फोनवर नंबर सांगताना घोटाळे होऊ लागले तेव्हा टेलिफोन खात्याने आग्रह धरला आणि १९५१ पासून सरकारने 'वीस-एक' अधिकृत केलं. नॉर्वेजियन भाषा बुडाली नाही. लोक अजूनही दोन्ही मिसळून बोलतात.

आता खरा मुद्दा. 'वीस एक'वर हसलेले माझ्या ओळखीतले जवळजवळ सगळे जण मुलांना इंग्रजी माध्यमात पाठवतात. तिथे पोरं काय म्हणतात? ट्वेंटी वन. म्हणजे वीस एकच की! आपण आपल्या मुलांसाठी नियमित आकडे गुपचूप निवडले, वर फी भरून मणीही निवडले. आणि त्रेसष्ट-त्र्याहत्तरची शान राखायचं काम कोणावर सोपवलं? मराठी शाळेतल्या पोरांवर. आमच्या समोरच्या साइटवर काम करणाऱ्यांची काही मुलं अशा शाळेत जातात. त्यातल्या काहींच्या घरी तेलुगू किंवा कानडी बोलतात, म्हणजे घरी दशक आधी आणि शाळेत एकक आधी. ती अडखळली की आपण म्हणतो, गणित कच्चं आहे.

मला एकोणऐंशी आवडतो. तो जाऊ नये. पण तो टिकवायचा असेल तर कोरियासारखं करता येईल. गणित शिकताना सत्तर नऊ म्हणू दे, बाजारात एकोणऐंशी म्हणू दे. समज आधी, शान नंतर. बालभारतीने याहून वेगळं काय सुचवलं होतं?

रविवारी भाच्याला पुन्हा वाण्याकडे नेलं. जाताना सांगितलं, "एकोण म्हणजे एक कमी. पुढचा आकडा ऐक आणि एक वजा कर." काकांनाही सांगून ठेवलं होतं. त्यांनी बिल बघून मुद्दाम सावकाश म्हटलं, "एकोणसाठ."

तो क्षणभर थांबला. बोटं हलली. "फिफ्टी नाईन. काका, एक्केचाळीस परत द्या."

एक्केचाळीस कुठून शिकला, देव जाणे. आजोबांचा संशय आहे. असो.