वारा आत घेणारी झडप

निपाणीहून मुरगूड, मुदाळ तिट्टा, राधानगरी, दाजीपूर असा जाऊन फोंडा घाटाने कोकणात उतरणारा रस्ता मोटारीच्या दोन वेगळ्या गरजा उघड करतो. सपाटीवर उकाड्याने हैराण झालेल्या प्रवाशांना वारा हवा असतो, तर परतीच्या चढणीवर तापलेल्या इंजिनाला गारवा हवा असतो. या दोन्ही गरजा एकाच साधनाने भागवता येतील, ही समजूत चुकीची आहे.

वातानुकूलन नव्हते त्या काळात, विशेषतः 1930 च्या दशकातील अनेक मोटारींत, बॉनेटच्या मागे आणि पुढच्या काचेच्या पायथ्याशी एक झडप असे. आतला दांडा ढकलला की तिची पुढची कड वर उचलली जाऊन वारा थेट पायांपाशी येई आणि दांडा ओढला की झडप पत्र्याशी सपाट बसे. जागेची ही निवड अतिशय विचारपूर्वक केलेली होती, कारण समोरून येणारी हवा काचेच्या पायथ्याशी अडून मंदावते आणि तिथला दाब वाढतो. मात्र झडपेभोवतीची रबरी पट्टी झिजली की पावसाचे पाणी आत ठिबके, आणि सह्याद्रीलगतच्या मुलखात हा दोष लहान नव्हता. पुढे वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्यात तयार होणाऱ्या फियाटमध्ये दाराच्या त्रिकोणी काचेने हेच काम केले. उभ्या खिळीवर फिरणारी ही काच बाहेर वळवली की ती वाऱ्याला आत वळवी. हवे तेव्हा पुढे येणारे आणि नको तेव्हा मिटणारे इतके सोपे साधन मोटारीच्या इतिहासात विरळाच!

इंजिनाची गोष्ट वेगळी आहे. समोरून आदळणाऱ्या हवेचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी 100 किलोमीटर वेगालाही तो वातावरणाच्या दाबाच्या अर्ध्या टक्क्याहून कमीच भरतो, आणि घाटात वेग निम्म्यावर आला की त्याचाही चौथा हिस्सा उरतो. म्हणून चढणीवर भिस्त पंख्यावर आणि मोठ्या रेडिएटरवर ठेवावी लागते. बॉनेटवरचे हवा आत घेणारे तोंड तिथे फारसे उपयोगी पडत नाही. रोल्स-रॉइस फँटम 2 मध्ये तर रेडिएटरपुढे उघडझाप करणाऱ्या उभ्या पट्ट्या होत्या, आणि थंड इंजिन लवकर तापावे म्हणून त्या मिटत असत.

आज हौसेने बॉनेट कापून अशी झडप बसवू पाहणाऱ्याने मोटार वाहन कायद्याचे कलम 52 आधी वाचावे, कारण उत्पादकाच्या मूळ नमुन्याशी विसंगत असे बदल केलेल्या वाहनाची नोंदणी होऊ शकत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये दिला आहे.