लंबकाला मानवणारी ऊब

मे महिन्यात माझं लंबकाचं घड्याळ रोज सात सेकंद मागे पडायचं. जानेवारीत बिनचूक लावलं होतं. तेव्हा पुण्यातल्या या खोलीत २० अंश होते, मेमध्ये ३४. यंत्रात दोष नव्हता. सेकंदाला एक ठोका देणारा लंबक सुमारे ९९४ मिलिमीटर लांब असतो. दांडी पोलादाची असेल तर एका अंशाला ती मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी वाढते, आणि तेवढ्यानं घड्याळ दिवसाला अर्धा सेकंद मागे पडतं. चौदा अंश, सात सेकंद.

तीनशे वर्षांपूर्वी इंग्लंडातल्या बॅरो गावी एक सुतार याच हिशोबाच्या मागे लागला होता. समुद्रावर रेखांश काढण्याजोगं घड्याळ पुढे ज्यानं बनवलं, तोच हा जॉन हॅरिसन. घराच्या बाहेरच्या भिंतीवर, दुपारी एक-दोनला ऊन चांगलं तापतं त्या जागी, वेगवेगळ्या धातूंच्या सळ्या लावून त्या किती वाढतात ते त्यानं मोजलं. पितळ पोलादापेक्षा जास्त वाढतं. मग दोन्हींचे नऊ गज त्यानं असे जोडले, की पोलाद लंबकाच्या गोळ्याला जेवढं खाली सोडेल तेवढंच पितळ त्याला वर उचलून धरेल.

मला भावते ती त्याची परीक्षा. १७२५ ते १७२८ च्या सुमारास भाऊ जेम्ससह बनवलेली घड्याळं त्यानं शेजारच्या दोन खोल्यांत लावली. कडाक्याच्या थंडीत एका खोलीत मोठा जाळ करायचा, दुसरी गारठू द्यायची, मग उलट. स्वतः दारात उभं राहून दोन्हींचे ठोके ऐकायचे. रात्री शेजाऱ्याच्या धुराड्याआड तारा केव्हा जातो ते पाहायचं. घड्याळ बरोबर असेल तर तो रोज ३ मिनिटं ५६ सेकंद आधी जायला हवा. महिन्याला सेकंदाचाही फरक पडत नाही, असं त्यानं लिहून ठेवलं. वेधशाळा नाही, हाताशी होतं ते राहतं घर.

पुढे धातू सुधारला. १८९६ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ गियोमनं लोखंड-निकेलचा मिश्रधातू इनव्हार शोधला. तो पोलादाच्या जेमतेम दहाव्या हिश्शानं वाढतो. १९२१ मध्ये एडिंबरोच्या वेधशाळेत शॉर्ट नावाच्या अभियंत्याचं घड्याळ लागलं. त्याचा इनव्हारचा लंबक हवा काढलेल्या नळकांड्यात झुलायचा आणि वर्षाला सेकंदाच्या आसपास चुकायचा. तरीही अशा घड्याळांना स्थिर तापमानाची खोली लागेच. पॅरिसच्या वेधशाळेनं तर आपली घड्याळं सुमारे २८ मीटर खोल तळघरात नेली. तिथं बारमाही १२ अंशांच्या जवळपास तापमान असतं.

माझ्याकडे तळघर नाही. प्लायवूडची दुहेरी पेटी केली, मधल्या पोकळीत थर्मोकोल भरला. घरात गार करणं कठीण, तापवणं सोपं. म्हणून आतलं तापमान उन्हाळ्यातल्या खोलीच्याही वर, ३७ अंशांवर ठेवलं. थर्मोस्टॅट फक्त ऊब देतो. थंडावा देण्याची वेळ त्याच्यावर येतच नाही.

पहिल्या खेपेला चुकलो. तळाशी ४० वॉटचा बल्ब लावला. त्याची धग थेट गोळ्यावर पडे, गरम हवा वर साचे, आणि दांडीच्या दोन टोकांत दोन अंशांचा फरक राही. सरासरी बरोबर, लंबक मात्र चुकीचा. मग बल्ब काढला आणि मागच्या फळीवर अॅल्युमिनियमचा पत्रा ठोकून त्यामागे तापणारी तार वरपासून खालपर्यंत नागमोडी फिरवली. आता ऊब एका जागेहून येत नाही, सगळीकडून सारखी येते. तळघरात घड्याळं नेणाऱ्यांनीही हेच साधलं: लंबकाभोवतालची हवा एकाच तापमानाची ठेवली.

या मे महिन्यात रोजचा फरक अर्ध्या सेकंदाच्या आत राहिला. सकाळी आकाशवाणीच्या बातम्यांआधीचे ठोके लागतात तेव्हा मी दोन खोल्यांमधल्या दारात उभा राहतो. एका कानाला रेडिओ, दुसऱ्याला लंबक.