बिनतारी संवेदक जालांची सुरक्षा
तापमान, ध्वनी, कंप इ. राशी मोजून त्यांची माहिती रेडिओ तरंगांद्वारे मध्यवर्ती केंद्राकडे पाठविणाऱ्या लहान उपकरणांच्या समूहास बिनतारी संवेदक जाल म्हणतात. ही उपकरणे बहुधा उघड्यावर व राखणीवाचून पसरलेली असतात. त्यामुळे केंद्राकडे आलेला संदेश कितपत विश्वसनीय आहे, हा त्यांच्या सुरक्षेतील मूलभूत प्रश्न ठरतो.

लष्करी उपयोगात हा प्रश्न प्रथम प्रकर्षाने पुढे आला. व्हिएटनाम युद्धात अमेरिकेने १९६८–७३ या काळात ‘इग्लू व्हाइट’ मोहिमेखाली लाओसमधील हो चि मिन्ह मार्गावर ध्वनी व जमिनीचे कंप टिपणारे संवेदक विमानांतून टाकले. त्यांचे संकेत घिरट्या घालणाऱ्या विमानांमार्फत थायलंडमधील नाखोन फानोम येथील संगणक केंद्राकडे जात व त्यांवरून बाँबहल्ल्यांची ठिकाणे ठरत. उत्तर व्हिएटनामी सैनिकांनी ट्रकांच्या आवाजाच्या ध्वनिफिती वाजवून हे संवेदक फसविल्याचे उल्लेख आढळतात.

१९९०–२००० या दशकाच्या उत्तरार्धात बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात क्रिस्टोफर पिस्टर यांच्या ‘स्मार्ट डस्ट’ प्रकल्पाने अतिसूक्ष्म संवेदकांच्या कल्पनेस चालना दिली. मात्र उपकरण जितके लहान, तितकी त्याची संरक्षणक्षमता तोकडी. २००१ मध्ये एड्रियन पेरिग व त्यांचे सहकारी यांनी ‘स्पिन्स’ ही सुरक्षापद्धती मांडली, तेव्हा त्यांच्या उपकरणात ८ बिटांचा प्रक्रियक व केवळ ५१२ बाइट तात्पुरती स्मृती होती. सार्वजनिक किल्लीचे कूटलेखन त्यास पेलणारे नसल्याने सामाईक गुप्त किल्ल्यांचा अवलंब करण्यात आला. परंतु सर्व जालास एकच किल्ली दिल्यास एक उपकरण शत्रूच्या हाती पडताच सर्व जाल उघडे पडते. यावर लॉरेंट एशेनॉवर व व्हर्जिल ग्लिगोर यांनी २००२ मध्ये मोठ्या संचातील काही किल्ल्या प्रत्येक उपकरणास यदृच्छया वाटण्याचा उपाय सुचविला. संदेशांच्या मार्गनिवडीच्या तत्कालीन पद्धतीही असुरक्षित असल्याचे क्रिस कार्लोफ व डेव्हिड वॅग्नर यांनी २००३ मध्ये दाखविले. बळकावलेले उपकरण केंद्राकडील जवळचा मार्ग आपल्याकडेच असल्याचे भासवून शेजाऱ्यांचे संदेश स्वतःकडे ओढते व ते दडपू किंवा बदलू शकते.

कूटलेखनाने संदेश कोणत्या किल्लीने पाठविला गेला एवढेच सिद्ध होते. मोजलेली घटना खरी होती, हे सिद्ध होत नाही. त्यासाठी शेजारच्या संवेदकांच्या नोंदी परस्परांशी ताडून पाहाव्या लागतात. या पडताळणीतही विद्युत् घटांची मर्यादित ऊर्जा खर्ची पडते. त्यामुळे सुरक्षा व आयुर्मान यांचा मेळ घालणे, हीच या जालांच्या अभिकल्पातील मुख्य अडचण होय.